गुंजा चार

भाड्याचं घर बघायला गेले, तेव्हा सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "मूल झोपेंत दांत खातें का?"

मी अजून चपलाच काढत होते. घरमालक काय काय विचारतात याची मनात उजळणी करून आले होते. नवरा तिरुचीला नोकरीला, शनिवारी येतो. मी ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत, रोज बसनं जाऊन येऊन. पाहुणे फारसे नाहीत. दातांची तयारी केलेली नव्हती. शिवाय आमची चिन्नी झोपेत खरोखरच दात खायची, आणि त्या करकर आवाजानं माझी झोप उडालेली असायची. "खाते," मी म्हटलं. सरांनी पाच वर्षांच्या चिन्नीला पुढे घेतलं, नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि आत तोंड करून बायकोला सांगितलं, "ह्यांस वरचं घर देऊं. मूल माझ्या नजरेखालीं राहूं दे."

तंजावूरच्या मेलवीथीमागच्या गल्लीतलं ते घर आम्हाला असं मिळालं. आगाऊ भाड्याची गोष्ट निघाली ती चार दिवसांनी, तीही मीच काढली म्हणून.

सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. गावात त्यांना 'पूच्ची वात्यार' म्हणत. पूच्ची म्हणजे तमिळमध्ये किडा, आणि पोटातला जंतही. वात्यार म्हणजे मास्तर. हे नाव त्यांच्या कानावर होतं आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत देवांच्या तसबिरींखालच्या फळीवर फॉर्मेलिनच्या बरणीत एक वीतभर पांढरा जंत होता. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ दिला, तेव्हा सरांनी प्रयोगशाळेतली ती बरणी मागून घेतली होती. त्यांची बायको, आमच्या मामी, रोज सकाळी तसबिरींना फुलं वाहायच्या. एखादं फूल घरंगळून बरणीवर पडलं तर चिमटीत धरून बाहेर फेकून द्यायच्या आणि हात धुवायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात मामींनी केलेला हा एवढाच निषेध मी पाहिला.

सर माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचे ते वेगळ्याच कामासाठी. गालावर पांढरट डाग आहे का, ओठांच्या कडा फाटल्यात का, नाक खाजवतो का. गल्लीत फुलं विकणारीची नखं त्यांनी स्वतः ओट्यावर बसवून कापली होती. कोथिंबीर सात पाण्यांतून काढल्याशिवाय घरात येत नसे. चिन्नी अनवाणी अंगणात उतरली की आतून हाक यायची, "पोरी, पाय! जमिनींतून येतात ते, पायांतून!" एकदा आम्ही सगळे तिरुवैयारुला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी गाणं झालं. गायिका मोठी होती, लोक डोळे मिटून ऐकत होते. सर मात्र डोळे चांगले उघडे ठेवून पहिल्या रांगेत बसले होते. गाणं संपल्यावर लोक पाया पडायला गेले तसे हेही गेले आणि म्हणाले, "गळा उत्तम. पोट एकदां बघून घ्या." मी लाजेनं खांबाआड झाले. गायिका मात्र हसली नाही. त्यांना बाजूला घेऊन दहा मिनिटं काहीतरी विचारत राहिली.

तेव्हा मला कळलं, सरांची चेष्टा सगळेच करतात, पण पोटाची भीती सगळ्यांनाच असते. मला तर ती होतीच. मी मुळातच काळजीखोर बाई. गॅस बंद केला का हे बघायला बस स्टॉपवरून परत येणारी. चिन्नीचं वजन वाढत नव्हतं. डॉक्टरांनी तिची शी तपासून जंत नाहीत म्हणून सांगितलं होतं, मूल हाडानंच बारीक आहे, वेळेवर जेवू घाला. शाळेत जंताची गोळी मिळते तीही तिनं घेतली होती. पण रात्री करकर ऐकू आली की डॉक्टरांचं म्हणणं माझ्या डोक्यातून जायचं आणि बरणीतला तो पांढरा वीतभर जीव डोळ्यांसमोर यायचा.

"गोळीनें मरतात," सर म्हणायचे, "पण मेलेला भाडेकरू घरांतच राहिला तर काय उपयोग? बाहेर काढायास पाहिजे." जीवशास्त्र शिकवलेला माणूस असं कसं म्हणतो, हे मी एकदा मामींना विचारलं. मामी कढीपत्ता निवडत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, सरांची धाकटी बहीण सातव्या वर्षी गेली. पोट फुगलं, तोंडातून जंत पडला आणि दुसऱ्या दिवशी संपली. मामींच्या सासूबाईंनी ताप आला म्हणून सगळ्यांना सांगितलं, कारण जंत म्हणजे घाणेरड्या घरातलं मूल. सर तेव्हा नऊ वर्षांचे, सगळं बघत होते. मामींनी सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "हें मी सांगिटलं म्हणून त्यांस सांगूं नको हां."

त्या दिवसापासून मी सरांना हसले नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग चेन्नईच्या नणंदेनं चिन्नीसाठी एक बाटली पाठवली. परदेशी, वर पान काढलेलं, आत हिरवट कॅप्सूल. पोटातले सगळे परजीवी तीस दिवसांत बाहेर. सोबत फोनवर चार व्हिडिओ. बायका कॅमेऱ्यासमोर रडतायत आणि बशीत काहीतरी लांब, चिकट दाखवतायत. मी ते सगळं खाली नेलं. सरांनी भिंग लावून लेबल पाहिलं. अक्रोडाची साल, लवंग, वर्मवुड. "हा आपल्या दवण्याचा भाऊ," ते म्हणाले, "फुलवाली डोक्यांत माळायास देते तो." मग व्हिडिओ पाहिले आणि पोट धरून हसले. "अय्यो, हे जंत नव्हेत! खाल्लेल्या सालीचा गाळ आहे. जंतास डोकं असतं, शेपूट असतं. मी मुलांस आकृती काढायास लावीत होतो." बाटली त्यांनी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मुलीस देऊं नको. कोणी केलं, काय घातलं, कोणास ठाऊक."

किती शहाणं बोलले. पण त्या बाटलीनं त्यांच्या डोक्यात किडा सोडला, हेही खरं. आठवडाभर अस्वस्थ होते. मग एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. समोर पाटावर एक जुनं बाड ठेवलं होतं.

त्यांचे पणजोबा वैद्य. बाड त्यांचं. घरात तीन पिढ्या ते दसऱ्याला पूजेत ठेवलं जायचं, पण वाचलं कुणी नव्हतं. आम्ही तंजावूरची मराठी माणसं. घरात मराठी बोलतो, लिहितो-वाचतो तमिळ. देवनागरी वाचणारा आमच्यात विरळा. मला ती येत होती, कारण शाळेत असताना मी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. अक्षर ओळखत होते. जुन्या मराठीतले शब्द काय सांगतात ते मला काही कळत नव्हतं. पण हे कुणाला माहीत? मला तरी कुठे माहीत होतं? सर माझ्याकडे असे बघत होते की पणजोबा आता माझ्याच तोंडून बोलणार. मला फार बरं वाटलं. कचेरीत मला कुणी काही विचारत नसे.

"पोटांतल्या पूच्चीस काय लिहिलं आहे तें काढ," सर म्हणाले.

'जंतावर' असं पान निघालं. मी मोठ्यानं वाचलं. वावडिंग. पळसपापडी. ओवा. हिरडा. त्यानंतर एका शब्दाच्या जागी किडीनं पाडलेलं भोक. आणि पुढे: गुंजा चार. वस्त्रगाळ करून मधातून द्यावे.

"पुस्तकासही पूच्ची लागली," सर त्या भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले. मग गंभीर झाले. "गुंजा म्हणजे कुंडुमणी ना?"

"होय सर," मी म्हटलं. "आपल्या गणपतीचे डोळे."

आमच्याकडे चतुर्थीला मातीच्या गणपतीला डोळे म्हणून गुंजा लावतात, लाल, टोकाला काळा ठिपका असलेल्या. प्रत्येक घरात देव्हाऱ्याच्या डबीत चार-सहा पडलेल्या असतात. गुंजा म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय आठवणार?

सर म्हणाले, "कुंडुमणी विष आहे. मुलांस मी वर्गांत सांगत होतो, तोंडांत घालूं नका म्हणून." मग म्हणाले, "नीट वाच पुन्हां." मी पुन्हा वाचलं. "आणखी एकदां." मी तिसऱ्यांदा वाचलं, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, जरा रागावूनच. "सर, स्पष्ट आहे. गुंजा चार." त्यांनी मान हलवली. "पणजोबा वैद्य होते, मी वात्यार. त्यांस कळत असेल. किड्यास मारायास कांहीं तरी विष पाहिजेच. दुधांत भिजवून शुद्ध करीन."

मी त्या पानाचा फोटो काढून पुण्यात दिलेल्या माझ्या आत्याला पाठवला. कौतुकानं. बघ, मी मराठी वाचते. आत्या फोन आठवड्यातून एकदा बघायची.

सरांनी देव्हाऱ्याच्या डबीतून चार गुंजा घेतल्या आणि दिवसभर दुधात भिजवल्या. बाकीचं कुंभकोणमच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मागवलं. खलात कुटलं, पंच्यातून गाळलं. नणंदेच्या बाटलीवरून सुचल्याप्रमाणे रिकाम्या कॅप्सूल आणल्या होत्या. "आजकाल चाटण कोणी खात नाहीं. कॅप्सूल म्हटलं की गिळतात." आठ कॅप्सूल झाल्या. तांब्याच्या ताटलीत खिडकीत ठेवल्या आणि मला बजावलं, "पहिले तीन दिवस माझं पोट. मज कांहीं झालं नाहीं तर चवथ्या दिवशीं पोरीचं. तोंवर हात लावायचा नाहीं. सेरी?"

"सेरी, बरं," मी म्हटलं.

हा त्यांचा जुना नियम होता. लोकांना दिलेलं प्रत्येक औषध आधी स्वतःच्या पोटात. मामी सांगायच्या, त्यापायी त्यांनी अर्धं आयुष्य परसाकडे जाण्यात घालवलं.

संध्याकाळी त्यांनी दोन घेतल्या. त्या रात्री चिन्नीनं इतके दात खाल्ले की मला वाटलं सकाळी एकही शिल्लक राहणार नाही. उजाडल्यावर मी दूध घ्यायला खाली उतरले, तर सर अंगणात तगरीची फुलं काढत होते, ठणठणीत. मला म्हणाले, "आणखी दोन घेतल्या आत्तांच. पोट हलकं वाटतं आहे." मामी स्वयंपाकघरात होत्या. ताटलीत चार उरल्या होत्या. मी एक उचलली.

का, ते मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता प्रश्नच गुळगुळीत झालाय. ते धडधाकट फिरत होते. तीन दिवस म्हणजे तीन रात्री करकर ऐकायची. आणि वाचलं मीच होतं ना? मला खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची तरी एवढी खात्री होती.

कॅप्सूल उघडून मी मधात कालवली. चिन्नीनं चमचा तोंडात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं लाल फरशीवर थुंकलं. मी तिला थोबाडीत मारली. बसची वेळ झाली होती. फरशी पुसली, तिला शाळेच्या ऑटोत बसवलं आणि ओरत्तनाडुची बस धरली.

दुपारी कचेरीत डबा उघडला आणि फोन वाजला. आत्याचा आवाज, नेहमीसारखा हसरा. "अगं, छान वाचलंस! पण गुंजा चार म्हणजे वजन गं. सोनार तोलायचे पूर्वी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. त्या भोकात 'प्रत्येकी' असेल बघ. प्रत्येक वस्तू चार गुंजा वजनाची घ्यायची. ती बी नाही हं घालायची, ती भयंकर विषारी."

मी फोन ठेवला. शाळेला फोन केला. मुलगी खेळतेय, काही नाही, डबा खाल्लाय. सरांच्या घरी फोन केला. मामींनी उचलला. "दहा वाजल्यापासून वांती होते आहे. रक्त पडलं. तुज सांगूं नको म्हणाले, भिईल म्हणून."

तंजावूर चाळीस मिनिटांवर. बसमध्ये बसायला जागा होती, मी बसले नाही. दांडा धरून उभी राहिले आणि त्या लाल फरशीवरचा डाग आठवत राहिले. केवढा होता? तळहाताएवढा? चमच्यात जेवढं होतं तेवढं सगळं होतं का त्यात? मी पुसताना फडक्याला किती लागलं? मारण्यापूर्वी तिनं एक घोट गिळला होता का, की मारल्यावर गिळला? शेजारची बाई विचारत होती, काय झालं, अंगात ताप आहे का. मी तिला म्हटलं, गुंजा चार. तीही घाबरली.

चिन्नीला शाळेतून उचललं. ऑटोत विचारलं, "सकाळचं औषध गिळलंस का ग?" ती माझा चेहरा बघून म्हणाली, "सगळं गिळलं अम्मा." मला रडू फुटलं, तशी म्हणाली, "नाही नाही, सगळं थुंकलं." घर येईपर्यंत पाच वेळा विचारलं, तिनं पाच उत्तरं दिली. सकाळचा मार तिच्या लक्षात होता. मला आवडेल ते उत्तर ती शोधत होती.

दोघांना एकाच ऑटोतून रुग्णालयात नेलं. सर मामींच्या मांडीवर आडवे, ओठ पांढरे, आणि तेवढ्यातही चिन्नीकडे बघून म्हणाले, "ही कां येथें?" मी म्हटलं, घरी एकटी कशी ठेवू. हे पहिलं खोटं. आत गेल्यावर डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, एका दमात, बाड, भोक, डोळे, चमचा. डॉक्टर तरुण होते. त्यांनी लिहून घेतलं, माझ्याकडे वर पाहिलं नाही. चिन्नीला लक्ष ठेवण्यासाठी दाखल करून घेतलं. मामींना मी म्हटलं, तिला ताप आहे, सरांना सांगू नका. याला उतारा असा नाही, वाट बघायची, म्हणाले. दोन-तीन दिवस काही दिसत नाही आणि मग दिसतं, असंही होतं.

मी तिथे बसून वाट बघितली. चिन्नी खाटेवर बसून सलाईनच्या नळीशी खेळायची आणि मी तिचे डोळे, ओठ, नखं बघायची. सर बघत तसंच, त्याच क्रमानं.

सर चौथ्या दिवशी गेले. मूत्रपिंडं बंद पडली. गावभर झालं, पूच्ची वात्यार आपल्याच औषधानं गेला. लोक हळहळले आणि थोडे हसलेही. तेराव्याला सुद्धा एकानं बरणीकडे बघून मान हलवली. मामी म्हणाल्या, "जन्मभर कांहीं ना कांहीं पोटांत घालीत होते, एक दिवस हें व्हायचंच होतं." त्यांना आजही वाटतं की चूक त्यांच्या नवऱ्याची. बाड कुणी वाचलं हे त्यांना माहीत आहे. काय चुकलं ते माहीत नाही. मी सांगितलं नाही. आता चिन्नीला घेऊन पुण्यात राहते, मराठी मासिकं वाचते, असं लिहितेसुद्धा, आणि अजून सांगितलेलं नाही.

सरांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. एकाच मोठ्या खोलीत हिरवे पडदे लावून खाटा वेगळ्या केल्या होत्या. मामी देवळात गेल्या होत्या. मी सरांच्या खाटेजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मी चुकीचं वाचलं. गुंजा म्हणजे वजन. बी नव्हे." ते छताकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "वजन. होय की. सोनाराचं." पुढे एकदम मान माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला. "पोरीस दिली नाहींस ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं ना तीन दिवस. हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि त्याच वेळी दोन पडदे पलीकडून चिन्नी मोठ्यानं ओरडली, "अम्मा, ही नळी कधी काढणार?"

सरांचे डोळे पडद्याकडे गेले. तिथून माझ्याकडे आले. मी खाली बघत होते. त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"कडू होतं फार," ते म्हणाले. "थुंकली असेल ती."